सात नंबरचं बीळ

१ मार्च

नवी वही काढली. पंचविसावी. पहिली घेतली तेव्हा मी शाळेत तरणा मास्तर होतो आणि माझी लेक नुकाका पाळण्यात होती. आता बायको सोफी जाऊन चार वर्षं झाली, शाळा सुटली, आणि त्याच नुकाकाच्या घरात मी खिडकीकडची खोली अडवून बसलोय. वही मात्र चालू आहे.

वहीत सील असतात, दुसरं फारसं काही नाही. आमच्याकडे सील म्हटलं की एकच, अंगावर कड्याकड्यांची नक्षी असलेला, लहानखुरा. बाकीच्या जाती पाहुण्यासारख्या येतात आणि जातात, हा बारा महिने इथला. समुद्र गोठायला लागला की पातळ बर्फात डोकं घालून भोक पाडतो, आणि मग अख्खा हिवाळा पुढच्या पायांच्या नखांनी ते खरवडत उघडं ठेवतो. खालचा बर्फ माझ्या छातीएवढा जाड झाला तरी. एकेकाची तीन-तीन, चार-चार भोकं. भोकावर हिम साचलं की त्या हिमात आतून बीळ कोरतो. मादी तिथंच वितेही. वरून चालणाऱ्याला नुसतं पांढरं दिसतं.

ही बिळं मी मोजतो. कुठे सापडलं, बर्फ किती जाड, पिल्लू कधी दिसलं, बर्फ कधी फुटला. चोवीस वर्षं.

आज दुकानात गाबा भेटला. वस्तीतला सगळ्यात जुना शिकारी. चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "काय मास्तर, सीलांची हजेरी घेतली का? कोण कोण गैरहजर?" सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यात मी चार सील मारले. गाबा सांगत फिरतो की त्यातले दोन म्हातारपणानं मेले होते.

तोबियास हसला नाही. जावई झाला तरी तो मला अताता, म्हणजे बाबा, म्हणत नाही, अजून मास्तरच म्हणतो. शाळेत गणितात कच्चा होता, पण निरीक्षण चांगलं आहे. माझ्या गुडघ्यांमुळे आता बर्फावरची मोजणी तोच करतो. त्याला या कामाची गोडी लागली आहे हे मी पाहतो आहे.

९ मार्च

तोबियासनं आज तीन बिळं शोधली. शोधली म्हणजे पुतूनं. पुतू त्याची म्हातारी कुत्री, आता स्लेज ओढत नाही, पण वाऱ्याकडे तोंड करून चालली की हाताच्या लांबीएवढ्या हिमाखालचा सील तिला कळतो. नंबर पाच, सहा आणि सात. सात नंबर सगळ्यात लांब, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाच्या पलीकडे, अडकून बसलेल्या मोठ्या हिमनगाच्या आडोशाला. हिमाचा ढीग तिथं चांगला साचतो. मादी हुशार आहे.

पाच नंबरला नराचा वास होता म्हणे. या दिवसांत नराच्या तोंडाला रॉकेलसारखा उग्र वास सुटतो, हात लावला तर चार दिवस जात नाही. नुकाकानं तोबियासला दारातच अडवलं. "कपडे बाहेर. सगळे." तो म्हणाला, "बाहेर उणे अठ्ठावीस आहे, बाई." ती म्हणाली, "मग त्या नराकडेच जाऊन झोप." शेवटी बिचारा बाहेरच्या खोलीत उघडा उभा राहून आंघोळ करत होता. सोफीही मला असंच करायची, पण माझ्या अंगाला फक्त खडूचा वास असायचा.

बर्फाची जाडी (पहारेनं भोक पाडून, खुणांची काठी घालून मोजलेली): पाच नंबरला पंचावन्न सेंटिमीटर, सातला एकोणपन्नास. गेल्या वर्षी याच सुमाराला ऐंशीच्या वर होती. बहुधा पहार तिरकी लागली. तोबियासला तसं म्हटलं. तो म्हणाला, "सरळच मारली होती, मास्तर." मी त्याला काठीवरची खूण कशी वाचायची ते पुन्हा दाखवलं. त्यानं निमूटपणे पाहिलं. आकड्यांसमोर प्रश्नचिन्ह टाकलं आहे.

२७ मार्च

सात नंबरला पिल्लू! तोबियासनं पहारेचं एक टोक बर्फाला आणि दुसरं कानाला लावून ऐकलं. आतून बारीक रडण्याचा आवाज, आणि मधूनमधून आई पाण्यातून वर आल्याचा सुस्कारा. जन्मलं तेव्हा मांजराएवढं असेल, पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखं. ही लोकर कोरडी असेपर्यंतच ऊब देते. वरचं हिमाचं छप्पर आहे तोवर आत सुखाचं.

आज मारलेल्या सीलच्या पोटातलं तोबियासनं बरणीत भरून आणलं माझ्यासाठी. दर वर्षी लहान कॉड मासा असतो, बर्फाखालच्या गार पाण्यातला. या वेळी दुसराच चंदेरी मासा, जो आम्ही उन्हाळ्यात काठाला जाळ्यानं धरतो. वीस-बावीस तरी होते. मजेशीर आहे. नोंद केली.

नुकाका म्हणाली, "ती बरणी स्वयंपाकघरातून उचला."

४ एप्रिल

जेवताना नुकाका एकदम म्हणाली, "अताता, याला रोज दोन तास जास्त लागतात तुमच्या मोजमापापायी."

मी म्हटलं, "मग त्यानं सांगावं तसं."

"तो सांगणार नाही."

तोबियास सूपमध्ये बघत होता. "असू दे गं. मला आवडतं ते."

बघ, मी तिला म्हटलं. तिनं ताटल्या जरा जोरातच आपटल्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पण नवऱ्यानं दोन तास उशीर केला की हिचा जीव थाऱ्यावर नसतो. आईवर गेली आहे. सोफी मला म्हणायची, "तुमच्या सीलांना तरी माहीत आहे का, की तुम्ही त्यांचे इतके लाड करता?"

१३ एप्रिल

डोंगरावरून उबदार वारा उतरला. सकाळी दहाला शून्याच्या वर चार. दुपारी पाऊस. एप्रिलात पाऊस मी आयुष्यात पाहिला नव्हता. वस्तीतले लोक दारं उघडून बघत उभे होते. छपरांवरून पागोळ्या लागल्या, कुत्री भिजून केविलवाणी दिसत होती.

१५ एप्रिल

पाऊस थांबला. तोबियास दिवसभर फिरून आला. एक ते सहा नंबरपर्यंत एकही छप्पर उरलेलं नाही. हिम भिजून आत कोसळलं. दोन नंबरला पिल्लू ढिगाऱ्याखाली चेंगरलेलं. तीनला कोल्ह्यानं नेलं, रक्ताची रेघ सापडली. चारला पिल्लू उघड्यावर जिवंत होतं, पण लोकर भिजून अंगाला चिकटलेली, आणि कावळ्यांनी एक डोळा काढला होता. तोबियासनं ते तिथंच संपवलं. सांगताना थांबला, कॉफी प्यायला, मग पुढचं सांगितलं.

सात नंबर तेवढं लांबून शाबूत दिसलं. हिमनगाच्या सावलीत आहे ना. मी म्हटलं नव्हतं, ती मादी हुशार आहे?

यंदाची नोंद फार महत्त्वाची ठरणार. पंचवीस वर्षांत असं झालं नाही. मी दोन तास लिहीत बसलो.

१८ एप्रिल

विलक्षण गोष्ट. एका मादीला तोबियासनं पिल्लू तोंडात धरून नेताना पाहिलं, मानेच्या कातड्याला धरून, एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे. ती पिल्लं हलवतात हे माहीत होतं, पण लपूनछपून, बर्फाखालून. ही उघड्यावरून चालली होती आणि काठाकडे, आतल्या खाडीच्या दिशेनं. त्याच दिवशी आणखी दोघी तशाच. टोकाकडची बरीच भोकं वापरात नाहीत, वर पातळ पापुद्रा धरलाय. उरलेल्या भोकांच्या कडा रुंद आणि मऊ झाल्यात म्हणे, हात घातला तर तुकडा सुटून येतो.

का जात असतील? खाडीत मासे जास्त असतील. चंदेरी मासा बहुधा तिकडून येतो. उद्या जुन्या वह्यांमध्ये शोधतो.

२१ एप्रिल

आज संध्याकाळी गाबा घरी आला. बूट न काढता दारातच उभा राहिला. "तोबियास, टोकाकडे जाऊ नकोस."

"जाळी आहेत माझी तिकडे. दोन."

"गेली तर गेली. तिकडचा बर्फ मेलाय. पहार मारली की वाजतच नाही. भद्द होतं नुसतं."

तोबियासनं डोकं खाजवलं. कुत्र्यांना चार दिवस पोटभर मिळालेलं नाही आणि जाळ्यांत दोन-तीन सील नक्की असणार. तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "मास्तर, तुमची वही काय म्हणते?"

इतक्या वर्षांत गाबासमोर हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी उठलो. सगळ्या वह्या काढल्या आणि तारखा वाचून दाखवल्या, एकेका वर्षाची. टोकाचा बर्फ चोवीस वर्षांत वीस मेच्या आधी एकदाही फुटलेला नाही. एकदाही नाही. लवकरात लवकर एकवीस मे.

गाबा तोबियासला म्हणाला, "बर्फावर उभा राहणारेस की वहीवर?"

मी म्हटलं, "गाबा, तू मनानं सांगतोस, मी मोजून सांगतो."

"हो का? मग यंदाचे आकडे वाच की."

मी म्हटलं, यंदाच्या मोजणीत चुका आहेत. तोबियासनं कोपऱ्यातल्या मोजकाठीकडे पाहिलं. गाबानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसला. "बरं बाबा. मास्तर आहेस तू." गेला.

तोबियासनं पुन्हा विचारलं, "खरंच एकदाही नाही, मास्तर?"

"एकदाही नाही."

"मग सकाळी जाऊन येतो."

फार दिवसांनी भूक लागून जेवलो.

२२ एप्रिल

तोबियास सकाळी सातला निघाला. आठ कुत्री, आणि पुतू स्लेजवर बसून. हवा स्वच्छ, उणे तीन. सात नंबर जाळ्यांपासून पुढे जेमतेम पाऊण किलोमीटर. मी म्हटलं, इतका जातोच आहेस तर बघून ये, पिल्लू आहे का, आणि जाडी पुन्हा नीट मोज. म्हणजे तो प्रश्नचिन्हाचा विषय मिटेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "बरं, मास्तर." काठी घेतली. नुकाका दारात त्याच्या हातमोज्याची दोरी बांधून देत होती.

दुपारी चार. अजून आला नाही. जाळ्यांत सील जास्त असतील.

सहा. नुकाका तीनदा बाहेर जाऊन आली. वायरलेसवर उत्तर नाही.

गाबा आणि दोघं निघाले.

२३ एप्रिल

सापडला नाही.

२५ एप्रिल

काल हेलिकॉप्टर येऊन फिरून गेलं. टोकापलीकडे मोठं मोकळं पाणी आहे, काळं. हिमनग जागचा हलला आहे.

आज गाबानं सगळ्यांसमोर सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. जाळी काढलेली होती. दोन सील काढून बर्फावर नीट ठेवलेले होते. तिथपर्यंत त्याला काही झालं नव्हतं. स्लेजच्या खुणा मात्र जाळ्यांपासून वळून पुढे गेल्या होत्या, हिमनगाकडे, आणि पाण्याच्या कडेला संपल्या. कडेपाशी तीन कुत्री बसलेली होती. त्यांचे पट्टे सुरीनं कापलेले. स्लेज जायला लागल्यावर त्यानं आधी कुत्री सोडली. तिघांपुरता वेळ मिळाला.

गाबा म्हणाला, "जाळी मिळाली होती. सील मिळाले होते. तिथून सरळ घरी यायचं सोडून हा पुढे कशाला गेला? काय होतं तिकडे?"

कोणालाच कळेना. एक जण म्हणाला, अस्वलाचा माग दिसला असेल. दुसरा म्हणाला, कुत्री उधळली असतील.

नुकाका भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी होतो. मी काही बोललो नाही.

३० एप्रिल

चर्चमध्ये प्रार्थना झाली. प्रेत नसल्यामुळे खड्डा नाही. पाळक महिन्यातून एकदा येतो, बाकीच्या वेळी प्रार्थना मीच वाचतो. आजही मीच वाचली. आवाज नीट लागला. नंतर लोक म्हणाले, मास्तर, धीराचे आहात.

४ मे

काल रात्रीच्या वाऱ्यात टोकाचा उरलेला बर्फही गेला. सगळा. तीन मे.

नुकाका बोलत नाही असं नाही. बोलते. "कॉफी ठेवलीय." "बूट ओले आहेत तुमचे." जेवताना माझ्या ताटात वाढते आणि समोर बसते. स्वतः फार खात नाही. माझं जेवण होईपर्यंत बघत राहते. मी तब्येतीची काळजी म्हणून समजतो. नवरा गेला, आता बापच उरला तिला.

तिला सांगण्यात काय हशील? तो परत येणार आहे का? उलट तिचं दुःख दुप्पट होईल. मी गप्प आहे तो तिच्यासाठी.

११ मे

आज यंदाची वही वाचली. मार्चपासून. चूक शोधायला बसलो होतो, पहार कुठे तिरकी लागली ते.

पंचावन्न, एकोणपन्नास, सत्तेचाळीस, एक्केचाळीस. अठरा एप्रिलला पस्तीस. रांगेत उतरत गेलेले आकडे. भोक तिरकं पडलं तर काठी जास्त दाखवेल. दर वेळी कमी कशी दाखवेल?

माशांची नोंद. गार पाण्यातला मासा नाही, उबदार पाण्यातला आहे. म्हणजे बर्फाखाली पाणी उबदार होतं. भोकांच्या कडा मऊ. म्हणजे बर्फ खालून झिजत होता. टोकाकडची भोकं सोडलेली. माद्या पिल्लं घेऊन खाडीकडे, जिथं प्रवाह नाही आणि बर्फ जाड आहे. माझ्याच अक्षरात. खाली मी लिहिलंय, "खाडीत मासे जास्त असतील."

सात नंबरची ती मादी त्या दिवशी तिथं होती की नाही हेही मला माहीत नाही. लांबून शाबूत दिसलं, एवढंच तोबियास म्हणाला होता.

वही मिटली आणि पलंगाखाली सरकवली. मग पुन्हा काढली, कारण हे लिहायला दुसरा कागद नाही.

१५ मे

आज सांगितलं.

ठरवून नाही. नुकाकानं सूप वाढलं, समोर बसली आणि नेहमीसारखी बघायला लागली. मी ताट सरकवलं. मी म्हटलं, "नुकाका, त्याला सात नंबरला मी पाठवलं होतं. पिल्लू बघायला. जाडी मोजायला."

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. "माहीत आहे."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"माहीत आहे मला, अताता. हातमोजा बांधत होते तेव्हा म्हणाला. 'मास्तरांचं सात नंबर बघून येतो. नाही बघितलं तर दोन दिवस तोंड पाडून बसतील.'"

"मग तू... त्या दिवशी गाबा विचारत होता तेव्हा..."

"तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. रोज ताट वाढलं की वाटायचं, आज बोलतील. मग वाटायचं, उद्या. तेवीस दिवस झाले." तिचा आवाज जराही चढला नाही. "पहार तिरकी नव्हती. त्यानं तुम्हाला एकदा सांगितलं. तुम्ही त्याला काठी वाचायला शिकवलीत. सात वर्षांचा असल्यापासून बर्फावर आहे तो."

"मग कशाला मोजत राहिला? आवडतं म्हणायचा."

"त्याला सील मोजायला कुठे आवडत होतं, अताता? आईच्या मागे तुम्ही दोन महिने खिडकीत बसून होता. जेवत नव्हता. तेव्हा यानं पहिल्यांदा तुम्हाला येऊन विचारलं, मास्तर, यंदा बिळं मोजायची नाहीत का? आठवतंय?"

आठवतंय. मला वाटलं होतं त्याला गोडी लागली.

"आणि आदल्या संध्याकाळी," मी म्हटलं, "मी वाचून दाखवलं म्हणूनच..."

"तो गेला असता. जाळी त्याची होती, कुत्री उपाशी होती. जाळ्यांपर्यंत तो स्वतःहून गेला. तिथून परत आला असता." ती उठली. "जाळ्यांपासून पुढचं तेवढं तुमचं आहे."

ती बाहेर गेली आणि कुत्र्यांजवळ उभी राहिली. तीन कुत्री. मी ताट तसंच ठेवून बसलो.

१७ मे

नुकाका तोबियासच्या आईकडे राहायला गेली. भांडून नाही. कपडे आणि त्याची बंदूक नेली. जाताना म्हणाली, "त्याची आई एकटी आहे." मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." दुपारी माझ्यासाठी डबा आणून दारात ठेवला. आत आली नाही.

गाबाकडे गेलो. त्याच्या घरी मी आठ-दहा वर्षांत गेलो नव्हतो. बूट काढले, बसलो, आणि सगळं सांगितलं. आकडे, मासा, भोकं, माद्या, सात नंबर. तो चाकूला धार लावत होता. ऐकताना हात थांबला.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "माद्या पिल्लं घेऊन आत चालल्यात, हे अठरा तारखेला तुला माहीत होतं?"

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी त्याला बांधून ठेवला असता." मग चाकू ठेवला आणि म्हणाला, "तू मला कशाला सांगशील म्हणा. तीस वर्षं तुला बघून हसतोय मी. त्या संध्याकाळीही हसूनच गेलो. दोन वाक्यं जास्त बोललो असतो तर पोरगा थांबला असता. पण तुझ्यासमोर हुज्जत घालायला लाज वाटली."

त्याच्या बायकोनं कॉफी दिली. दोघांनीही प्यायली नाही.

२ जून

पंधरा दिवस काही लिहिलं नाही. बर्फ खाडीच्या तोंडापर्यंत मागे हटला. नेहमी या दिवसांत सील उन्हात पडलेले असतात, अंगाची साल निघावी तसे केस गळत असतात, मिनिटभर झोपतात आणि डोकं उचलून बघतात. यंदा पसरायला बर्फच फार नाही. खिडकीतून अकरा दिसले. एक यंदाचं पिल्लू होतं. या वयाला ते चरबीनं गोल असायला हवं. याची मान दिसत होती. अर्धी लोकर अंगावर तशीच. आईनं पुरेसं दूध पाजण्याआधीच बर्फ फुटून दोघांची ताटातूट झाली असावी. बराच वेळ तुकड्यावर पडून होतं. दुपारून बघितलं तर नव्हतं.

१२ जून

सकाळी नुकाका आली. दार वाजवून, परक्यासारखी.

"अताता, होडी घेऊन जातेय. कुत्र्यांना खायला काही नाही. होडीवर दुसरं माणूस हवं."

"गाबाचा भाऊ..."

"मी तुम्हाला विचारतेय."

गेलो. तोबियासची होडी, इंजिन तिनं चालवलं. पाणी काचेसारखं होतं. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वर पसरलेलं. टोकाकडे ती वळली नाही आणि मीही तिकडे बघितलं नाही.

अकराच्या सुमाराला सील वर आला. नुकाकानं इंजिन बंद केलं. ती गोळी मारते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. अगदी त्याच्यासारखी मारते, श्वास सोडून. डोकं वाकडं झालं, पाण्यावर लाल पसरलं.

"हार्पून!" ती ओरडली. "लवकर, अताता. यंदाचे रोड आहेत, बुडतो!"

हिवाळ्यात मेलेला सील तरंगतो, चरबी असते. जूनमध्ये ती उतरलेली असते, आणि गोड्या पाण्यात आणखीच. हे मला चोवीस वर्षं माहीत आहे. हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, माझ्या हातात होता. मी फेकला तो पाण्यात बाजूला पडला. होडी पोचली तेव्हा तो हातभर खाली होता. मी आडवा होऊन हात घातला, खांद्यापर्यंत. मागच्या पायाला बोटं लागली. गुळगुळीत, अजून ऊन. धरता आला नाही. मग पांढरट पोट वर करून तो हळूहळू खाली जात राहिला, कितीतरी वेळ दिसत होता, लहान लहान होत.

"गेला," नुकाका म्हणाली.

ती होडीच्या काठावरून वाकून खाली बघत होती. मीही बघत होतो. मग तिच्या तोंडातून एक आवाज आला, आणि ती रडायला लागली. एप्रिलपासून पहिल्यांदा. मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. "दिसतो गं अजून, दिसतो," असं काहीतरी म्हणत होती, कोणाला ते कळलं नाही. मी तिला हात लावला नाही. माझा हात ओला होता आणि बधिर झाला होता. होडी वाहत गेली. मी वल्हं घेतलं आणि ती बर्फाच्या तुकड्यांवर आदळणार नाही एवढं बघत राहिलो.

खूप वेळानं ती थांबली. बाहीनं नाक पुसलं. माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचा कोरडा हातमोजा काढून माझ्या मांडीवर टाकला. बंदुकीत दुसरी गोळी भरली.

"पुढच्या वेळी आधी उभे राहा," ती म्हणाली. "बसून फेकता येत नाही ते. चला, होडी वळवा."